नडगी दुखतेय? आधी अंगठ्याने दाबून बघा, मग पुढचं बोलू

पळायला सुरुवात करून तीन-चार आठवडे झाले की नडगी कुरकुरायला लागते. पहिले पंधरा दिवस मस्त जातात, दम कमी लागायला लागतो, आपल्याला जमतंय असं वाटतं म्हणून अंतर वाढतं, मग वेग वाढतो, आणि एक दिवस सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की घोट्याच्या थोडं वर, आतल्या बाजूला, ठणका. चालता चालता कमी होतं. पळायला गेलं की पहिली दहा मिनिटं दुखतं, नंतर विसरायला होतं, आणि घरी येऊन बसलं की परत सुरू. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीये की समोरच्याने अर्धी सांगितली की उरलेली मीच पूर्ण करते.

येणाऱ्यांचे प्रश्न दोनच असतात, कोणतं क्रीम लावू आणि परत कधी पळू. क्रीम कोणतंही लावा, फारसा फरक पडणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबलचक आहे कारण "नडगी दुखते" या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

आधी कुठे दुखतंय ते शोधा

खुर्चीवर बसा, दुखणारा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा टाका. नडगीच्या हाडाची आतली कड हाताला लागते बघा, जिथे हाड संपून पोटरीचं मांस सुरू होतं तिथे. घोट्यापासून सुरू करून त्या कडेने अंगठ्याने दाबत दाबत वर या, दर दोन बोटांवर थांबून. जोरात नाही, नख पांढरं होईल इतपत. मग दुसऱ्या पायावर तेच करा, कारण ती कड थोडीफार सगळ्यांचीच दुखते आणि फरक कळल्याशिवाय अर्थ नाही.

दुखणारा पट्टा लांब असेल, म्हणजे ५ सेंटीमीटर किंवा जास्त, आणि नडगीच्या खालच्या निम्म्या भागात आतल्या कडेला असेल तर बहुतेक वेळा ते ज्याला सगळे शिन स्प्लिंट्स म्हणतात तेच. डॉक्टरांच्या कागदावर मेडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम असं भारी नाव दिसेल, घाबरू नका, दोन्ही एकच.

दुखणं एकाच जागी असेल, बोटाच्या टोकाने झाकता येईल एवढं, आणि तिथे दाबलं की तुम्ही अक्षरशः पाय मागे ओढता, किंवा रात्री झोपेतही ठणकतं, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायची. हाडाला बारीक तडा. इथे "बघू दोन दिवस" चालत नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नसतं, पहिले दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयवर दिसतो. त्यातही दुखरी जागा नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध असेल तर पळणं आजच बंद आणि ऑर्थोपेडिककडे, कारण तिथला तडा भरायला फार वेळ घेतो आणि पळत राहिलात तर हाड पूर्ण मोडू शकतं. एका पायावर उड्या मारून बघायची टेस्ट इंटरनेटवर खूप फिरते, पण चालतानाच दुखत असेल तर ती करूच नका, उत्तर तुम्हाला आधीच मिळालंय.

हाडावर नाही पण हाडाच्या बाहेरच्या बाजूला, पुढच्या मांसल भागात दुखतंय, पायाचा पंजा वर उचलला की जास्त कळतं, तर तो टिबियालिस अँटेरियर नावाचा स्नायू थकलाय. नव्याने भराभर चालायला लागलेल्यांना, उतारावर पळणाऱ्यांना, ट्रेडमिलला चढ देऊन चालणाऱ्यांना हे होतं. यातल्या त्यात हे गरीब दुखणं, लवकर ऐकतं.

आणि एक प्रकार असा की दाबून काहीच सापडत नाही. बसल्यावर पाय ठणठणीत. पण पळायला लागलं की दर वेळी ठरलेल्या मिनिटाला, समजा बाराव्या, पोटरी किंवा नडगी दगडासारखी घट्ट होते, पंजाला मुंग्या येतात, पाऊल फटफट आपटायला लागतं, थांबलं की अर्ध्या तासाच्या आत सगळं गायब. हे कंपार्टमेंट सिंड्रोम असू शकतं. स्नायूंभोवतीचं आवरण ताणत नाही आणि आतला दाब वाढत जातो. पळण्याची पद्धत बदलून काहींना आराम पडतो, काहींना ऑपरेशन लागतं, पण त्याआधी दाब मोजून खात्री करावी लागते, घरच्या घरी हे ठरवायचं नाही.

आता थोडं गंभीर, पटकन सांगते. एकच पोटरी सुजलीये, गरम लागतेय, विशेषतः लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा प्लास्टर झाल्यावर, तर रक्ताची गुठळी असू शकते, मालिश अजिबात नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर. मार लागल्यावर पाय टम्म होऊन वेदना तासातासाला वाढत असेल, बोटं हलवली तरी ओरडायला होत असेल तर थेट हॉस्पिटल, सकाळची वाट नाही बघायची. ताप आणि लाल चट्टा, लहान मुलाचं रात्री एकाच पायात सतत दुखणं, कंबरेपासून नडगीपर्यंत उतरणारी कळ, किंवा डायबेटिस असलेल्या, सिगरेट ओढणाऱ्या माणसाचा पाय थोडं चाललं की भरून येणं आणि थांबलं की मोकळा होणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा, तुमचं दुखणं वेगळं आहे.

पुढचं सगळं शिन स्प्लिंट्ससाठी.

होतं काय आत

हाड म्हणजे खांब असं आपल्या डोक्यात असतं, पण ते जिवंत आहे. पळताना प्रत्येक पावलाला नडगीचं हाड किंचित वाकतं, खरंच वाकतं, आणि शरीराला निरोप जातो की इथे मजबुती करा. गोची अशी की मजबुतीचं काम तोडफोडीपासून सुरू होतं. आधी एक प्रकारच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात, मग दुसऱ्या पेशी नवीन भरतात, आणि या दोन कामांच्या मधे काही आठवडे ती जागा आधीपेक्षा कच्ची असते. रस्ता खोदून ठेवलाय, डांबर पडायचंय, आणि तुम्ही रोज त्याच्यावरून ट्रक नेताय.

पूर्वी म्हणायचे की स्नायू हाडावरचं आवरण ओढतात म्हणून सूज येते, आणि अजूनही कुणी तसं सांगेल, त्यातही थोडं तथ्य असेल, पण आता जास्त भर हाडावर पडणाऱ्या ताणावर आहे. म्हणूनच "स्नायू आखडलेत, स्ट्रेच करा, जाईल" हा सल्ला अपुरा पडतो.

आणि चौथ्या आठवड्यातच का दुखायला लागतं तेही यातून कळतं. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, स्नायू त्याच्यामागोमाग, हाड मात्र महिने घेतं. तुम्हाला जमायला लागलंय हे फुफ्फुस सांगतं. नडगीला कुणी विचारलेलंच नसतं.

काहींना हे जास्त होतं. आधी एकदा होऊन गेलंय त्यांना, पायाची कमान आत कोसळते त्यांना, वजन जास्त आहे त्यांना, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. बायकांना मी एक प्रश्न हमखास विचारते, पाळी नियमित आहे का? पळणं वाढलं आणि पाळी चुकायला लागली याचा अर्थ शरीराला पुरेसं अन्न मिळत नाहीये आणि शरीर हाडाच्या खात्यातून उचल करतंय. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं, आणि ती पुरुषांनाही होते. अशा वेळी व्यायाम दुय्यम, आधी जेवण आणि डॉक्टर. व्हिटॅमिन डी पण त्याच फेरीत तपासून घ्या.

पहिले दोन आठवडे

विश्रांती म्हणजे सोफा नाही. पळणं आणि उड्या बंद, बाकी चालू. चालायला हरकत नाही, फक्त दुखणं दहापैकी दोनच्या वर जायला नको आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालपेक्षा जास्त नको. ही दुसऱ्या दिवशीची सकाळ फार महत्त्वाची, कारण हाड त्याच वेळी तक्रार करेलच असं नाही, उशिरा करतं. दम टिकवायचाय तर सायकल चालवा, पोहा, किंवा कंबरेला तरंगणारा पट्टा बांधून खोल पाण्यात पळण्याची ॲक्शन करा, दिसतं विनोदी पण दमछाक अगदी तशीच होते.

बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं लावला तर बरं वाटेल, त्याने भरून काही येत नाही पण बरं वाटणं पण काही कमी नाही. पेनकिलर घेऊन पळायला मात्र जाऊ नका, फायर अलार्मची बॅटरी काढून झोपण्यासारखं आहे ते. मालिश करायची तर पोटरीच्या मांसाला, हाडाच्या कडेवर फोम रोलर (मालिशसाठी वापरतात तो कडक फोमचा गोल लोड) नाही फिरवायचा, "दुखतंय म्हणजे लागतंय बरोबर" म्हणून तिथेच घासत बसणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांची नडगी निळी पडलेली पण पाहिलीये.

घट्ट पायमोजे, टेप, स्ट्रेचिंग यांचं काय? २०१२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ७४ खेळाडूंचे तीन गट केले होते. तिन्ही गटांनी हळूहळू वाढत जाणारं पळणं केलं, एका गटाला त्याच्या जोडीला पोटरीचे स्ट्रेच आणि ताकदीचे व्यायाम दिले, एका गटाला घट्ट पायमोजे. सलग १८ मिनिटं पळता यायला तिन्ही गटांना सरासरी १०० ते १२० दिवसांच्या मधलाच वेळ लागला. म्हणजे जादू कशातच नव्हती, आणि दुसरं म्हणजे साडेतीन महिने. दोन आठवड्यांत बरं करतो म्हणणाऱ्याला हा आकडा सांगा. अर्थात हे बऱ्यापैकी मुरलेल्या दुखण्याचं झालं, सुरुवातीलाच पकडलं तर दीड-दोन महिन्यांत सुटणारे पण असतात.

मग व्यायाम करायचेच कशाला, असं कुणीही विचारेल. माझं मत असं की बरं लवकर व्हायला नाही, परत होऊ नये म्हणून करायचे. पळताना पोटरीतला सोलियस नावाचा आतला स्नायू शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जोर लावतो. तो दमला की त्याने झेलायचा भार हाडावर जातो. बहुतेकांचा तो इतका कच्चा असतो की एका पायावर दहा वेळा टाच उचलताना चेहरा बदलतो.

व्यायाम, नीट

चालताना दुखायचं थांबलं की लगेच सुरू करता येतात, काही अगदी पहिल्या दिवसापासून.

सगळ्यात आधी टाच उचलणं. भिंतीला हात टेकवा, गुडघे सरळ, दोन्ही टाचा वर, ३ सेकंदात वर आणि ३ सेकंदात खाली. १५ वेळा, असे ३ सेट. उसळी मारायची नाही, वर गेल्यावर क्षणभर थांबायचं. आणि वजन अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर ठेवायचं, बहुतेक लोक नकळत करंगळीकडे कलंडतात आणि मग घोट्यालाच कळ येते. हे सोपं वाटायला लागलं की एका पायावर, मग पायरीच्या कडेवर उभं राहून टाच पायरीच्या खाली जाऊ देत. टार्गेट एका पायावर सलग २५. तिथे पोचायला महिना-दोन महिने लागतात, लागू देत.

दुसरा त्याच्याइतकाच महत्त्वाचा आणि सगळे जो टाळतात तो, गुडघा वाकवून टाच उचलणं. गुडघा वाकला की वरचा मोठा स्नायू सुट्टीवर जातो आणि सगळं काम सोलियसला करावं लागतं. खुर्चीवर बसा, मांडीवर गुडघ्याजवळ वजन ठेवा, डंबेल असेल तर डंबेल, नाहीतर पुस्तकांनी भरलेली सॅक, आणि टाच वर-खाली. नुसत्या पायाने केलं तर काही उपयोग नाही, वजन इतकं हवं की १५ झाल्यावर सोळावा नको वाटला पाहिजे. एक दिवसाआड, ३ सेट. पोटरीत जळजळ झाली तर चांगलं, हाडाच्या कडेला ठणका आला तर वजन कमी.

पुढच्या स्नायूसाठी भिंतीला पाठ टेकवून उभे राहा, टाचा भिंतीपासून फूटभर पुढे, आणि दोन्ही पायांचे पंजे नाकाकडे ओढा. २० वेळा. बाहेरच्या बाजूला दुखणाऱ्यांचा हा मेन व्यायाम. कमान कोसळणाऱ्यांनी दोन्ही टाचांच्या मधे टेनिस बॉल धरून तो दाबत दाबत टाचा उचलायच्या, त्याने आतल्या बाजूचा टिबियालिस पोस्टेरियर जागा होतो. बोटांनी टॉवेल गोळा करणं हे सगळीकडे सांगतात, करा हवं तर, मला त्यापेक्षा बोटं न वाकवता अंगठ्याचा सांधा टाचेकडे ओढून कमान उचलणं जास्त पटतं, पण ते जमायला चार दिवस पायाकडे टक लावून बसावं लागतं.

खुब्याचे दोन पुरेत, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचलणं आणि एका पायावर ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, एकच पाय टेकवून कंबर वर उचलणं. शिवाय आरशासमोर एका पायरीवरून दुसरा पाय हळू खाली टेकवून बघा, उभ्या पायाचा गुडघा आत पळत असेल तर हे दोन व्यायाम तुमच्यासाठीच आहेत.

घोटा किती वाकतो ते पण एकदा मोजून घ्या. पायाचा अंगठा भिंतीपासून दूर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का बघायचं, साधारण १० सेंटीमीटरपर्यंत टेकला तर ठीक. एका पायाचा खूपच कमी असेल तर पोटरीचे स्ट्रेच ३०-३० सेकंद करा. दोन्ही ठीक असतील तर स्ट्रेचिंगला वेळ घालवू नका, तोच वेळ टाचांना द्या.

चार दिवस रोज दोनदा करून पाचव्या दिवशी सगळं सोडण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा, तीन महिने.

परत पळायचं कसं

इथेच सगळे घसरतात. एकजण दोन महिने पूर्ण आराम करून आला होता, दुखणं शून्य, खुश. पहिल्याच दिवशी ५ किलोमीटर पळाला, जुन्या वेगाने. आठवड्याभरात परत माझ्यासमोर. दुखणं गेलं होतं, पण दोन महिने भार न मिळालेली नडगी आधीपेक्षा कमकुवत झाली होती, आणि त्याला वाटलं बरी झाली.

सुरू करायच्या आधी चार गोष्टी बघा. अर्धा तास भरभर चालून काही दुखत नाही, असं सलग पाच दिवस. कडेवर दाबलं तर दोन्ही पाय जवळपास सारखे लागतात. एका पायावर निदान २० टाचा होतात. आणि एका पायावर १० छोट्या उड्या न दुखता. चारही जमलं तर १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला, असं ८ वेळा. एक दिवसाआड, रोज नाही, मधला दिवस हाडाचा आहे. दोन वेळा हे न दुखता झालं की २ मिनिटं पळणं १ चालणं, मग ३ आणि १, मग ५ आणि १, आणि प्रत्येक पायरी दोनदा करूनच पुढे. पळताना दहापैकी दोनच्या वर दुखलं किंवा दुसऱ्या सकाळी कड बोलली तर एक पायरी मागे. मागे जाणं म्हणजे फेल होणं नाही, मीही दोनदा मागे गेलेय. आधी मिनिटं वाढवा, ती पुरेशी झाली की वेग, आणि चढ-उतार सगळ्यात शेवटी. एकाच आठवड्यात दोन गोष्टी वाढवल्या आणि दुखलं तर कशाने दुखलं ते कळत नाही.

आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका हा नियम तुम्ही ऐकला असेल. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या लोकांवर तो तपासला होता, २००८ मध्ये निकाल छापून आले, आणि हळू वाढवणाऱ्या गटात दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणून आकड्याला चिकटून बसू नका, सकाळच्या नडगीला विचारा.

पावलं मोजा एकदा. एका मिनिटात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजून दुप्पट करा. १६० आली तर ५ टक्के वाढवून १६८ करून बघा, त्याच वेगात, म्हणजे पावलं छोटी आणि पटपट. मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात टिकटिक करणारं ॲप, लावलं की सोपं जातं. पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि प्रत्येक पावलाचा धक्का कमी होतो. मिनिटाला १८० पावलंच हवीत असं ऐकलं असेल, पण तसं काही नाही, उंच माणसाला ती जमायचीही नाहीत.

बुटांबद्दल थोडक्यात. ५०० ते ८०० किलोमीटर झाले की बदला. पातळ तळाच्या बुटांवर एकदम उडी मारू नका. कमान कोसळत असेल तर साधा तयार इनसोल सहा आठवडे वापरून बघा, मापाचा महागडा नंतर. आणि काँक्रीट वाईट, गवत चांगलं असं सरसकट नसतं, अचानक बदल वाईट, मग तो कुठूनही कुठे असो.

सहा आठवडे हे सगळं प्रामाणिकपणे करूनही काडीचा फरक नसेल, किंवा लांब पट्टा आता एका जागी गोळा होऊन दुखायला लागला असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोला. मी स्वतः शिकत असताना हे टाळलं होतं, शिन स्प्लिंट्सच आहे म्हणत महिनाभर पळत राहिले, निघालं स्ट्रेस फ्रॅक्चर, आणि तीन महिने पळणं बंद.

पळणं रुळावर आलं तरी वजन घेऊन टाचा उचलणं आठवड्यातून दोनदा चालू ठेवा. आणि आठवड्यातून एकदा, बूट काढल्यावर, त्याच कडेवरून अंगठा फिरवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त लागला तर पुढच्या आठवड्याचं अंतर निम्मं, दुखायला लागायची वाट न बघता.